रिकाम्या घागरींच्या फेऱ्या

हौसाक्काला साखरेचा आजार जडला. डॉक्टरांनी बजावलं, "रोज तासभर भरभर चाला, नाहीतर पाय गमावून बसाल." अक्का चालू लागली, तशा चार शेजारणीही निघाल्या. सरपंच दौलतरावांनी चावडीवरून दटावलं, "बाईनं कामाशिवाय रस्त्यावर हिंडायचं नाही. या गावात ती रीत नाही."

दुसऱ्या दिवशी पाचही जणी डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन निघाल्या. घागर घेतलेल्या बाईला कुठं निघालीस म्हणून कोण विचारतो? पण त्याच बाया चौथ्यांदा चावडीसमोरून गेल्या, तेव्हा सरपंच ओरडले, "अक्का, घागर अजून रिकामीच! हे कसलं काम?"

"दोन वर्सांमागं तुम्ही नारळ फोडून वेशीवर नळ बसवला न्हवं? त्याला पाणी आलं का बघाय जातोय."

"म्हणून सकाळधरनं चार चार खेपा?"

"तुमच्या शब्दावर भरवसा हाय म्हणून चारदा जातोय, सरपंच. नसता तर एकदाबी गेलो नसतो."

चावडी खदखदून हसली. अक्का पदर खोचून पाचव्या फेरीला निघाली.