हंड्याला झालेलं पडसं

नदीपलीकडून येणारा ठण् ठण् आवाज रखमाजीने पहिल्यांदा ऐकला, तेव्हा तो आईच्या कडेवर होता. फार जुनी गोष्ट आहे ही. पलीकडे तांबटांची आळी होती. पोर मोठं झालं, नदी ओलांडून त्या आवाजापाशी गेलं आणि तिथल्या एका कारखान्यात तांब्याची भांडी ठोकू लागलं.

रखमाजी हाताने चांगला, पण बोलायला सावकाश. कुणी काही बोललं की याचं उत्तर तयार होईपर्यंत दुसरा विषय निघालेला असे. असा माणूस सोबत्यांना सापडला, मग काय विचारता! कधी त्याच्या धोतराचा सोगा भात्याला बांधलेला असे, तर कधी भांडी घासायची चिंच त्याच्या पाण्याच्या तांब्यात कालवलेली असे.

या सगळ्यांचा म्होरक्या काशिबा. तो रखमाजीच्या शेजारच्याच ऐरणीवर बसे. त्याची आवडती खोडी म्हणजे रखमाजीच्या घागरीत गुपचूप चिंधी कोंबणे. चांगलं भांडं ठण् वाजतं, चिरलेलं भद् वाजतं. चिंधी कोंबली की चांगलंही भद्‌च वाजतं. बिचारा रखमाजी घागर उलटीपालटी करून चीर शोधत बसे. मग काशिबा गंभीर तोंडाने म्हणे, “रखमाजी, तुझ्या घागरीला पडसं झालंय. काढा पाज तिला.”

सगळे हसत. थोड्या वेळाने रखमाजीही हसे. घरी बायको म्हणे, तुम्हीही एकदा जिरवा की त्याची. तो म्हणे, “करावंसं वाटतं गं, पण मला सुचतच नाही.”

त्या कारखान्याचा एक रिवाज होता. गिऱ्हाइकाने स्वतः वाजवून बघितल्याशिवाय भांडं बाहेर जात नसे. ते वाजवताना सगळ्यांनी हातोड्या थांबवायच्या. आणि गिऱ्हाइकासमोर ज्याचं भांडं चिरलेलं निघेल, त्याने ऐरण सोडून कायमचं घरी जायचं. मालक भला होता, पण या बाबतीत कुणाचं ऐकत नसे.

एकदा एका माळ्याने लेकीच्या लग्नासाठी काशिबाकडून मोठा हंडा करवून घेतला. न्यायला आला आणि दारात पाय धुऊ लागला. इकडे काशिबाने हंड्यावर शेवटचा ठोका मारला, तर भद्!

बाकीच्यांच्या हातोड्या चालू होत्या. ऐकलं फक्त शेजारच्या रखमाजीने. त्याला वाटलं, आज नवीन खोडी दिसते. सवयीने त्याने हंड्यात हात घातला. आत चिंधी नव्हती. त्याने काशिबाकडे पाहिलं. काशिबाचा चेहरा राखेसारखा झाला होता. बुडाचा सांधा उकलला होता, आणि माळी पाय पुसत होता.

रखमाजीने नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तर त्याला छानच जमत असे. इतक्या दिवसांची सगळी भरपाई आपोआप झाली असती.

पण त्याने डोक्यावरचं मुंडासं उतरवलं आणि हंड्यात कोंबलं.

माळी आला. हातोड्या थांबल्या. त्याने बोटाने हंडा वाजवला. भद्! मालकाच्या भुवया चढल्या. तेवढ्यात रखमाजी उठला आणि हंड्यातून मुंडासं ओढू लागला. ते हातभर आलं, दोन हात आलं, तरी संपेना.

“हंड्याला पडसं झालंय, माळीदादा,” तो सावकाश म्हणाला. “म्हणून मुंडासं बांधलं होतं. उद्यापर्यंत बरा होईल.”

क्षणभर कुणाला कळेना. मग असं हसू फुटलं की माळ्याच्याही डोळ्यांना पाणी आलं. मालक मात्र चिडला. लग्नाच्या हंड्यात घामाचं मुंडासं घालतोस, शोभतं का तुला, म्हणाला. हंडा आत ने, चिंचेने लख्ख घास आणि उद्या दे. आणि आठवडाभर सगळ्यांचा भाता तूच ओढायचास. भाता ओढणं म्हणजे नवशिक्याचं काम. रखमाजीने मान हलवली.

मागच्या पडवीत रखमाजीने भाता ओढला, काशिबाने सांधा नव्याने झाळला. काशिबाची मान वर झाली नाही. ऊन उतरलं तेव्हा हंडा पुन्हा वाजू लागला.

दुसऱ्या दिवशी माळ्याने बोट मारलं. ठण्! नदीपलीकडे ऐकू जाईल असा खणखणीत. हंडा डोक्यावर घेऊन तो हसतच गेला.

रखमाजी आपल्या ऐरणीवर बसला. भाता ओढायला जाण्याआधी एक ठोका मारावा म्हणून त्याने घागर घेतली. भद्! आळीभर हसू पसरलं. त्याने आत हात घातला. चिंधी होतीच, पण तिला गाठ मारलेली होती. गाठीत शेंगदाण्याचा लाडू होता, अजून कोमट.

त्याने वर पाहिलं. काशिबा भात्याकडे चालत गेला आणि त्याच्या जागी तो ओढू लागला.

तात्पर्य एवढंच: सोबत्याची फजिती करणारी थट्टा कुणालाही सुचते, त्याची अब्रू झाकणारी थट्टा ज्याला सुचली, तो खरा थट्टेखोर.