धनोली की रौलधार?

“धनोली की रौलधार, महाराज? एवढं एक सांगा, म्हणजे मी सुटलो!”

उपासनींनी हात जोडले. एका हातात मोबाइल होता, तोही जोडला गेला.

स्वामी दयार्णव चुलीत लाकूड सारत होते. त्यांची कुटी ऐन फाट्यावर. डावा रस्ता धनोलीला, उजवा रौलधारला. दोन्हीकडं बर्फ, दोन्हीकडं स्कीइंग. आणि हिमालयात मराठी बोलणारा साधू भेटला, की आपली माणसं मोक्षाचं मागाहून विचारतात. आधी गरम पाण्याची सोय कुठं बरी, ते विचारतात.

“इथवर आलास, आणि ठरवलं नाहीस?”

“दोन्हीकडं बुकिंग केलंय.”

“अरेच्चा!”

“धनोलीचा उतार सोपा, पण बर्फ कमी म्हणतात. रौलधारला बर्फ चिक्कार, पण उतार अंगावर येतो म्हणे. नाशिकहून निघाल्यापासून डोक्याचा भुगा झालाय.”

“बरोबर कोण?”

“मुलगी. शाल्मली. गाडीत बसलीय.”

“ती काय म्हणते?”

“म्हणते, बाबा, तूच ठरव... आई गेल्यापासून ती कशालाच काही म्हणत नाही.”

स्वामींनी चुलीतलं लाकूड थोडं मागं ओढलं.

उपासनी पुढं सरकले. “हिच्या आईच्या आजारपणात दोन हॉस्पिटलं होती, महाराज. मी एक निवडलं... ती घरी आली नाही. तेव्हापासून साधी भाजी घेतानासुद्धा मला धडकी भरते. ही सुट्टी तरी चुकायला नको. पोरीला काही झालं तर...”

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आभाळ भरून आलं होतं, आणि बर्फ पडायला लागला की दोन्ही रस्ते बंद होणार होते.

“महाराज, लवकर सांगा हो!”

स्वामी उठले.

“दोन्हीकडं पहिल्या दिवशी काय शिकवतात, ठाऊक आहे?”

“उभं राहायला?”

“पडायला.”

त्यांनी उपासनींच्या हातातला मोबाइल काढून घेतला, बाजूला ठेवला, आणि त्यांना अंगणातल्या बर्फात नेऊन उभं केलं.

“पड.”

“काय?”

“पड म्हणतोय.”

“महाराज, माझी कंबर... आणि पडू कुणीकडं? डावीकडं की...”

स्वामी दोन पावलं मागं सरकले.

त्या तसल्या थंडीत उपासनींना घाम फुटला. एकदा डावीकडं झुकले, एकदा उजवीकडं. पुन्हा ताठ झाले. शेवटी तोल गेला आणि ते धपकन बर्फात बसले. बसले कसले, आडवेच झाले!

गाडीचं दार उघडलं. शाल्मली धावत आली.

“बाबा! लागलं का तुला?”

बापाच्या भुवयांवर बर्फ, मिशीत बर्फ. तिनं हसू दाबून बघितलं, पण ते फुटलंच. किती महिन्यांनी हसली पोर! उपासनींना भरून आलं. धास्ती मात्र गेली नव्हती.

“महाराज,” पडल्या पडल्याच त्यांनी विचारलं, “पण मग... जाऊ कुठं?”

स्वामी कुटीकडं वळले होते. दारातूनच म्हणाले,

“आता पोरीला विचार, कुठं पडायचंय.”