ऊन पाण्याचा तांब्या

“एक तांब्या ऊन पाणी दिलं असतं, तर काय बिघडलं असतं या लोकांचं?”

हे वाक्य येसूनं भिंतीआडून ऐकलं. तिनं ते ऐकावं असं बोलणाऱ्याच्या मनात नव्हतं. पण भिंत बुटकी होती आणि येसू परसात राख टाकायला गेली होती. बोलत होता पेढीचा कारकून, नारोपंत. शेजारच्या धोंडिबाच्या घराला त्यानं नुकतंच टाळं ठोकलं होतं. मागच्या दारावर लाखेची मोहर उमटवता उमटवता तो एकटाच पुटपुटत होता. येसूला नवल वाटलं ते त्याच्या आवाजाचं. त्यात तहान नव्हती. रडू होतं.

त्या गावात विणकरांची एक आळी होती. घरोघरी ओसरीवर माग आणि मागावर घराचं पोट. येसू लग्न होऊन या आळीत आली, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. ती फार कमी बोलायची. सासूबाई शेजारणींना सांगत, “सून गुणाची आहे हो, पण तिला बोलतं करायला नवस करावा लागणार.” येसू हेही ऐकायची आणि पदराआड हसायची. तोंड बंद असलं की डोळ्यांना फुरसत मिळते.

गावातली पेढी मोठी होती. तिचे मालक राजधानीत राहत. त्यांना आळीतल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. सूत घ्यायला सगळे तिथूनच कर्ज काढत. पूर्वी ते फिटतही असे. पण अलीकडं पेढीची पायरी चढली की पायरीपट्टी द्यावी लागे. पैसे भरायला गेलं की मोजणावळ, रांगेत उभं राहिलं की थांबणावळ, आणि “एवढं कशाचं हो?” असं विचारलं की विचारणावळ! मुद्दल तसंच राही आणि एक दिवस दारात टाळं येई.

लोक संतापले, आणि त्यांचा संताप खराच होता. पंचांनी ठरवलं, पेढीच्या माणसाला आळीत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. मालक लांब होते. हाताशी नारोपंतच होता. त्यातून त्याची एक खोड सगळ्यांच्या डोक्यात जायची. टाळं ठोकायला आला, की तो आधी ऊन पाणी मागायचा.

राखेची पाटी हातात धरून येसू विचार करत राहिली. वैशाखात, डोकं तापवणाऱ्या दुपारी, ऊन पाणी कोण पितं? मग तिला एकेक आठवू लागलं. मोहर लावण्याआधी नारोपंत प्रत्येक घराच्या चुलीपाशी जायचा आणि राखेत हात घालून पाहायचा. धोंडिबानं तर त्याच्यासमोर तांब्या पालथा केला होता. त्याच्या घराला टाळं लागलं. त्याच्या पलीकडच्या घरातही पाणी मिळालं नाही, तिथंही टाळं लागलं. सुटलं होतं एकच घर, म्हाताऱ्या गोदूबाईचं. गोदूबाई कानानं कमी. पंचांचा हुकूम तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तिनं आपली रीतीप्रमाणं चूल पेटवून पाणी तापवून दिलं होतं. पेढीला म्हातारपणाची दया आली, असं आळी समजून चालली होती.

येसूला मात्र पेढीला दया आल्याचं काही पटेना.

दुसऱ्या दिवशी पाळी तिच्याच घराची होती. नवरा सूत आणायला परगावी गेलेला. सासरे मागावरच्या अर्ध्या लुगड्यावरून नुसताच हात फिरवत बसले होते. जेवणं उरकताच सासूबाईंनी चुलीवर घागर ओतली. “त्या मेल्याला ठिणगीसुद्धा दिसता कामा नये!”

दुपारी दोन शिपायांना घेऊन नारोपंत आला. त्याच्या मागोमाग हातात दगड घेऊन अख्खी आळी आली. “आले, जावईबापू आले!” धोंडिबा ओरडला. “उटणं लावा, ऊन पाणी काढा!” लोक हसले, पण हातातला दगड कुणी खाली टाकला नाही.

नारोपंत खोकला. “घसा धरलाय. थोडं ऊन पाणी मिळेल का?”

“विहिरीत उडी टाका,” सासूबाई म्हणाल्या, “तिथं पुष्कळ आहे.”

येसू उठली. तिनं चुलीतली ओली राख बाजूला सारली, मागाखालचा सुताचा गुंता आणून घातला आणि चकमक झाडली. सासूबाईंनी धावत येऊन तिचं मनगट धरलं. “अगं, वैऱ्याला पाणी पाजतेस?”

शिपाई दारात उभे होते. त्यांच्यादेखत काही सांगायची सोय नव्हती. येसूनं नुसतं सासूबाईंकडं पाहिलं. दोन महिने या बाईनं तव्यावरची पहिली गरम भाकरी सुनेच्या ताटात वाढली होती. त्यांनी आपल्यावर थोडा विश्वास ठेवावा, एवढंच तिला हवं होतं. सासूबाईंनी मनगट सोडलं. का सोडलं, ते त्यांना पुढंही कधी सांगता आलं नाही.

गुंता धुमसला, मग भडकला. नारोपंत आत आला, चुलीवर हात धरून त्यानं चटकन मागं घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, “चूल पेटती आहे. आत विस्तव असताना घर बंद केलं तर आळी जळेल, म्हणून दरबाराचा जुना कायदा आहे. टाळं लावता येत नाही. लिहून घ्या, तारीख सहा महिने पुढं.”

“पंत, हे दुसऱ्यांदा झालं,” एक शिपाई गुरगुरला. “मालकांच्या कानावर घालावं लागेल.”

“खुशाल घाल. पण आधी लिही.”

पाणी तापताच येसूनं तांब्या पुढं केला. नारोपंतानं दोन घोट घेतले आणि कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं. ऊन पाणी त्याला मुळीच आवडत नसावं.

बाहेर दगड वाट पाहत होते. शिपाई पुढं सटकले. नारोपंत एकटाच पायरी उतरला, तशी येसू डोक्यावर पदर घेऊन त्याच्या शेजारून चालू लागली, घरच्या माणसाला वेशीपर्यंत पोचवायला जावं तशी. हिरवा चुडा भरलेल्या नव्या नवरीवर दगड कोण टाकणार? वर उचललेले हात तसेच खाली आले. आळीच्या टोकाशी नारोपंतानं एकवार मान लववली आणि तो निघून गेला.

येसू परतली तेव्हा धोंडिबा लालबुंद झाला होता. “वहिनी, आमच्या घराला टाळं, आणि तुम्ही त्याला पोचवायला जाता?”

“भावजी,” येसू म्हणाली, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण हा आवाज बहुतेकांनी आजच ऐकला. “ते पाणी मागत नव्हते. चूल पेटवा म्हणून सांगत होते. शिपायांपुढं त्यांना दुसरं बोलता येत नव्हतं.”

धोंडिबाच्या हातातला दगड गळून पडला. तो ओट्यावर बसला. “तांब्या तर मीच पालथा केला,” तो म्हणाला.

सासूबाई त्याच्यापाशी गेल्या. “आमचा माग आहे ना. अर्धा दिवस तू बस, अर्धा दिवस आम्ही. सहा महिने मिळालेत. सगळे मिळून दरबारात जाऊ आणि त्या पट्ट्यांचा जाब विचारू.”

“जाऊच,” धोंडिबा डोळे पुसत उठला. “पण आधी त्या देवमाणसाला गाठतो. भर बाजारात त्याच्या पाया पडतो, हार घालतो!”

“जाऊ नका!” येसू एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की सासूबाईही दचकल्या. “तुम्ही हार घातलात, तर उद्या त्यांची नोकरी जाईल आणि आपल्या दारी दुसरा कुणी येईल, पाणी न मागणारा. आभार मानायचे असतील तर दुपारच्या चुली विझू देऊ नका. आणि ते आले, की एवढंच विचारा, ‘पंत, ऊन पाणी देऊ का?’ त्यांना कळेल.”

तात्पर्य: राग अन्यायावर धरावा, पण रागाच्या भरात मदतीला आलेला हात झिडकारू नये, आणि ज्यानं गुपचूप उपकार केले, त्याचे आभारही त्याला जपूनच मानावेत.