उंबरदांडचा राहिलेला हात

उंबरदांड हे गाव लहान आहे. एस.टी. खालच्या गावापर्यंतच येते, तिथून पुढे घाटवाट चालत चढायची. खिंडीत पोचलं की दम लागतो, आणि समोर डोंगराच्या उतारावर घरं दिसतात. उतारावर दगडी बांध घालून केलेली अरुंद वावरं आहेत. त्यांत नागली होते. नागली म्हणजे तुमच्याकडची नाचणी. ओढ्याकाठी थोडा भात होतो, बाकी काही नाही. पावसाळ्यात ढग दारातून आत येऊन चुलीपाशी बसतात, असं इथल्या बाया हसून म्हणतात.

या गावात पाहुणा आला की त्याला पाणी द्यायच्या आधी घरातलं सगळ्यात लहान मूल पुढे आणतात. मूल मान खाली घालून उभं राहतं. घरची बाई म्हणते, "हात ठेवा."

डोंगर चढायला येणाऱ्या शहरातल्या मुलांना हे कळत नाही. कुणी मुलाच्या हातात चॉकलेट ठेवतो, कुणी फोटो काढतो. मग त्यांच्यासोबत वाट दाखवायला आलेले नामाबाबा म्हणतात, "तसं नाही बाबांनो. डोक्यावर हात ठेवा, पुरा तळवा टेकवा. मग बसा, सांगतो."

आणि बाबा चुलीमागच्या भिंतीकडे बोट करतात. सगळी भिंत शेणमातीनं नीट सारवलेली असते, पण एका जागी तळहाताएवढा तुकडा कोरा ठेवलेला असतो. गावातल्या प्रत्येक घरात तो असतो. नवी सून सारवताना चुकून तो लिंपायला गेली, तर सासू तिचा हात धरते.

ते असं झालं, म्हणे.

फार मागे या गावात कोंडाबाई नावाची बाई होती. नवरा रावजी, मुका नव्हता पण मुक्यासारखाच. पदरात एकच मुलगी, चिंधी. तिच्या आधीची दोन लेकरं आषाढात गेली होती. आषाढ हा या डोंगरातला वाईट महिना. घरातलं धान्य संपलेलं असतं आणि वावरातलं अजून हिरवं असतं. दुसरं लेकरू गेलं तेव्हा कोंडाबाई रिकाम्या कणगीत उतरून तळाचे दाणे बोटांनी वेचत होती, असं सांगतात. कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांनी विणलेली, शेणानं लिंपलेली धान्याची मोठी टोपली. ती वर आली तोवर लेकराचा श्वास थांबला होता.

तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नसे. चिंधी झोपली की ती तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. पोरगी शिंकली की हिचं काळीज हलायचं. "अगं, पोर शिंकली, डोंगर नाही कोसळला," असं शेजारणी म्हणायच्या. कोंडाबाई हसायची, पण पुन्हा बोट नाकाशी.

एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पाऊस पडला. कापून ठेवलेली नागलीची कणसं वावरातच काळी पडली. खायला कसंबसं निघालं, पण पेरायला चांगलं बियाणं कुणाकडेच पुरेसं उरलं नाही. कोंडाबाईचं वावर उन्हाच्या तोंडावर होतं. तिची नागली आधी पिकली, आधी कापली, कोरडी घरात आली. तिनं त्यातली निवडक नागली एका लहान कणगीत भरली. चुलीमागे भिंतीत कोनाडा होता, त्यात ती कणगी बसवली आणि वरून माती लिंपून भिंत सरळ करून टाकली. रावजीनं पाहिलं. बोलला काहीच नाही.

तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. आषाढात पोरीला पेज मिळावी, एवढंच तिच्या मनात होतं.

उंबरदांडला रीत अशी होती, की पेरणीआधी सगळ्यांनी आपापलं बियाणं देवाच्या पारावर आणून एका ठिकाणी ओतायचं. मग बुधाबाई नावाची वडीलधारी बाई मापटं घेऊन वावराप्रमाणे वाटे घालायची. ज्याच्याकडे जास्त त्यानं जास्त ओतायचं, ज्याच्याकडे नाही त्यानं रिकामं सूप घेऊन यायचं, त्यात कमीपणा नव्हता. या रीतीमुळे कुणाचं वावर कधी पडीक राहिलं नव्हतं.

त्या वर्षी पारावरचा ढीग पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. इतका लहान ढीग कुणी पाहिला नव्हता. कोंडाबाई चिंधीला कडेवर घेऊन रिकामं सूप हातात धरून उभी राहिली.

बुधाबाई म्हणाली, "कोंडे, तुझं तर आधी कापून झालं होतं ना गं? तुझं कसं काळं पडलं?"

तिनं सहज विचारलं होतं. पण कोंडाबाईला वाटलं, सगळा गाव आपल्याच तोंडाकडे बघतोय. तिनं कडेवरच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "या माझ्या पोरीची आण. घरात पेरण्याजोगा एक दाणा नाही."

बुधाबाई घाईघाईनं म्हणाली, "अगं बाई, आण कशाला घेतेस? तीही पोरीची? नाही तर नाही."

आण मागितली होती का कुणी? कुणीच नाही. नुसतं "नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. बुधाबाईनं तिच्या सुपात तिचा वाटा घातला, आणि लेकुरवाळी म्हणून मूठभर वर. ते सूप घरी नेताना कोंडाबाईला ते भरलेल्या हंड्यासारखं जड लागलं, म्हणे.

गावाच्या टोकाला लहानूचं घर होतं. बायको येडूबाई, आणि पोरं बरीच. त्याची वावरं खडकाळ, तिथं दाट पेरावं लागे. त्या वर्षीच्या वाट्यात त्याचं भागणार नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं. पण सगळ्यांचीच ओढाताण होती, कोण कुणाला देणार?

एका सकाळी लहानू घर आवरून निघाला. खाली कोकणात मजुरीला जायचं, जगलो तर परत येऊ. डोक्यावर गाठोडी, पुढे बकरी, मागे पोरं. वाट कोंडाबाईच्या दारावरून जात होती. येडूबाई दारात थांबली आणि तिनं पदराची गाठ सोडली.

"कोंडे, हा आमचा वाटा. आम्ही तर चाललो, आता हा कुठं पेरू? तू पेर. तुझी पोर एकुलती आहे, तिच्या तोंडात पडेल."

कोंडाबाईनं सूप पुढे धरलं. धरलं, हेच नंतर तिला आयुष्यभर आठवत राहिलं. चुलीमागची भिंत चार पावलांवर होती. तेवढं आत जाऊन भिंत फोडली असती, तर लहानू गेला नसता. पण तोंड उघडेना. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पोरीची खोटी आण घेतली, असं?

लहानूनं वाकून चिंधीच्या डोक्यावर हात ठेवला. "जप गं पोरीला," म्हणाला, आणि पोरांना हाका मारत खिंडीकडे निघाला. येडूबाईनं खिंडीतून एकदा मागे वळून पाहिलं. मग ती माणसं पलीकडे उतरली.

पुढे पाऊस लागला. सगळ्यांच्या राबात, म्हणजे रोपांसाठी भाजून ठेवलेल्या वाफ्यात, रोपं वर आली. लहानूची वावरं मात्र काळी, उघडी, गावासमोर पडून राहिली. कोंडाबाईच्या दारातून ती नेमकी समोर दिसत. ती दाराकडे पाठ करून भाकरी थापायला लागली.

एका सकाळी चिंधी चुलीपाशी बसून खुदुखुदू हसायला लागली. "आये, भितीला केस आलेत बघ!"

कोंडाबाईनं वळून पाहिलं. चुलीमागच्या भिंतीतून, लिंपलेल्या मातीला भेगा पाडून, बारीक हिरवी पाती बाहेर आली होती. भिंतीतली नागली उगवली होती. कुणी म्हणतात, ओल झिरपली असेल. पण चुलीमागची भिंत ती, बारा महिने तापलेली. तिथं ओल कुठली? गाव याला देवाचीच करणी मानतं.

तिनं विळ्यानं पाती खरवडली, वरून शेणमाती लिंपली, हात धुतले. सकाळी पुन्हा पाती. पुन्हा खरवडली. ती जितकी खरवडे तितकी दाट उगवत, म्हणे. शेजारीण विस्तव मागायला आली की कोंडाबाई दारातच वाट अडवून उभी राही आणि विस्तव बाहेर आणून देई. "काय गं, आत काय सोन्याची खाण निघाली?" असं शेजारीण थट्टेनं म्हणाली. कोंडाबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आणि मग चिंधीला ताप आला.

अंग असं तापलं की हात ठेववेना. पोर बरळायला लागली. कोंडाबाई तिच्या नाकाशी बोट धरून बसली. आधीच्या दोघांच्या वेळी ती देवाला विचारायची, माझंच का? या वेळी विचारायची सोय नव्हती. उत्तर समोरच्या भिंतीवर हिरवंगार उभं होतं. ज्या डोक्यावर हात ठेवून ती खोटं बोलली, तेच डोकं आता तापलं होतं.

रावजी तोवर कोपऱ्यात बसून होता. तो पहिल्यांदा बोलला. "फोड."

तिनं पहार घेतली आणि दिवसाउजेडी भिंत फोडली. आतली कणगी अंगानं हिरवी झाली होती. तिनं रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधल्या आणि पाटीत भरल्या. चिंधीला घोंगडीत गुंडाळून रावजीच्या खांद्यावर दिलं. सगळा गाव आपापल्या वावरात आवणीला, म्हणजे राबातली रोपं लावायला, वाकला होता. त्या सगळ्यांच्या देखत ती पाटी डोक्यावर घेऊन लहानूच्या उघड्या वावरात शिरली.

आवणी करताना बाई वाकून मागे मागे सरकत जाते. तोंड लावलेल्या रोपांकडे, पाठ पुढच्या मोकळ्या रानाकडे. कोंडाबाईनं वरच्या बांधापासून सुरुवात केली आणि गावाकडे पाठ करून ती मागे मागे येत राहिली. आजूबाजूच्या वावरांतली गाणी थांबली. तिला कुणाचं तोंड दिसत नव्हतं. फक्त पाऊस आणि आपले हात दिसत होते. कुणीतरी म्हणालं, "कोंडी ही! हिच्याकडं एवढी रोपं कुठली?" उत्तर सगळ्यांना कळलं होतं.

सरकता सरकता तिची पाठ कुणाच्या तरी पायांना टेकली. बुधाबाई पावसासाठी डोक्यावर पानांचं इरलं घेऊन उभी होती.

"कोंडे, ओळ वाकडी चाललीय."

कोंडाबाई तशीच वाकून राहिली. वर बघवेना. चिखलाकडे बघतच ती म्हणाली, "आत्याबाई, दाणा होता. माझ्या भितीत होता. मी पोरीची खोटी आण घेतली. येडूचा वाटापण घेतला. मला काय करायचं ते करा. पोरीवरची आण तेवढी उतरवा."

बुधाबाईनं वाकून वाकड्या ओळीतलं एक रोप सरळ केलं. मग म्हणाली, "डोक्यावरची आण एकट्याच्या तोंडानं उतरत नाही. ज्यांच्याशी खोटं बोललीस त्यांनी त्या डोक्यावर हात ठेवायचा. सगळ्यांनी."

पहिला हात तिनंच ठेवला. मग बांधाबांधावरून माणसं आली. चिखलानं भरलेले हात तसेच. कुणी कोंडाबाईकडे पाहून थुंकलं आणि मग हात ठेवला. कुणी रडलं. एक म्हातारा लांबच बसून राहिला, शेवटी कुरकुरत उठला. "हिच्यासाठी नाही, पोरीसाठी," म्हणाला. चिंधीचे केस चिखलानं थापले गेले. कोंडाबाई प्रत्येकाच्या पायांकडे बघत होती. पायांवरूनच तिला माणूस कळत होता.

सगळे झाले. ताप थोडा उतरला, पण गेला नाही.

तेव्हा बुधाबाई खिंडीकडे बघत म्हणाली, "लहानूच्या घरचा राहिला."

कुणीतरी म्हणालं, "त्यानं जाताना ठेवला होता की हात. मी पाहिलं."

"तो माहीत नसताना ठेवलेला," बुधाबाई म्हणाली. "तो कसा धरायचा?"

रावजी कोकणात उतरला आणि गावोगाव विचारत फिरला. लहानूचं घर सापडलं नाही. कुणी म्हणे बंदराकडे गेले, कुणी म्हणे पटकीच्या साथीत गेले. त्या वर्षी लहानूच्या खडकाळ वावरात नागली अशी आली, की तशी पुन्हा कधी आली नाही. ती कुणी खाल्ली नाही. बियाण्याला ठेवली.

चिंधी जगली, पण दर आवणीला तिला ताप येई. कोंडाबाई दर पावसाळ्यात तिला घेऊन खिंडीत बसे. घाट चढून वर येईल त्याला, व्यापारी असो की गोसावी, आधी सगळं सांगे. दाणा होता म्हणून सांगे, आण खोटी होती म्हणून सांगे. काही लपवत नसे. मग पोरीचं डोकं पुढे करून म्हणे, "आता हात ठेवा." सांगताना ती मान वर करत नसे, त्यामुळे घाटातल्या कितीकांना तिचा चेहरा कधी दिसलाच नाही. चिंधी मोठी झाली, तिला लेकरं झाली, तेव्हा तिनंही आपलं धाकटं लेकरू पुढे केलं. हळूहळू सगळ्या गावानं ते घेतलं. बुधाबाईच म्हणाली होती, असं सांगतात: "वाटे घालताना माझ्या मापट्याला लहानूची पोरं दिसली होती. मीपण गप्प बसले, तुम्हीपण बसलात. ही काय एकट्या कोंडीची लाज नाही."

इथं नामाबाबा थांबतात. ऐकणाऱ्यांतला कुणीतरी हमखास म्हणतो, "पण बाबा, आम्ही तर शहरातले. आमचा त्या लहानूशी काय संबंध?"

"नसेल," बाबा म्हणतात. "पण तुमच्या पणज्याचा बाप कुठल्या घाटानं उतरला, हे तुम्हाला तरी कुठं माहीत आहे?"

मग एकेक जण उठतो आणि मुलाच्या डोक्यावर पुरा तळवा टेकवतो.

आजही उंबरदांडला पेरणीआधी पारावर बियाण्याचे वाटे पडतात, तेव्हा एक वाटा लहानूच्या घरचा म्हणून वेगळा निघतो. आजही चुलीमागची तळहाताएवढी जागा, लहानूच्या घरचा हात राहिलाय म्हणून, कुणी लिंपत नाही. आणि पाहुणा निघाला, की घरची बाई त्याच वाट्यातली मूठभर नागली त्याच्या ओंजळीत घालते. ती नको म्हणायची नसते, आणि देणारीच्या तोंडाकडेही बघायचं नसतं. ती मान खाली घालून उभी असते. पाहुणा खिंड उतरून दिसेनासा होतो, तेव्हा ती आत जाते आणि आधी लेकराच्या कपाळाला हात लावून बघते.