दोन्ही हात सनईवर

कोकणातल्या एका गावात सखबा नावाचा गुरव राहत होता. देवळातली सनई तोच वाजवायचा. शिमग्याला ग्रामदेवीची पालखी निघायची, पण गावाचा रिवाज असा, की सखबाने सूर धरल्याशिवाय पालखी उचलायची नाही.

एका शिमग्याला वाजवता वाजवता त्याची छाती धडधडू लागली. घाम फुटला, हातपाय गार पडले. "मेलो रे!" म्हणत तो खालीच बसला. वैद्यबुवांनी नाडी पाहिली. म्हणाले, "काळीज ठणठणीत आहे. भीतीचा झटका होता, आला तसा गेला."

झटका गेला, पण त्याची धास्ती काही जाईना. सखबाचा डावा हात जो छातीवर गेला, तो तिथेच राहिला. जेवताना हात छातीवर, झोपताना हात छातीवर. ठोका जरा चुकल्यासारखा वाटला, की स्वारी वैद्यबुवांच्या दारात हजर! बिचारे वैद्यबुवा तरी तेच तेच किती वेळा सांगणार? सनई खुंटीवरच राहिली.

वर्ष सरलं, शिमगा आला. पंच म्हणाले, "सखबा, जमत नसेल तर मान शेजारच्या वाडीतल्या गुरवाला द्यावा लागेल."

सखबाच्या ते जिव्हारी लागलं. बापजाद्यांचा मान तो! देवळात जाऊन त्याने सनई ओठांना लावली आणि वाजवू लागला. पण एका हाताने! दुसरा अर्थातच छातीवर. अर्धी भोकं उघडीच. सनई अशी किंचाळली, की पालखीपाशी उभे असलेले गडी खो खो हसत सुटले.

त्याची बायको भागीरथी पुढे आली. "अहो, आधी तो हात काढा."

"आणि काळीज थांबलं तर?"

"इतकी वर्षं काय तुम्ही धरून ठेवलं होतंत, म्हणून चालत होतं?"

सखबाने हात काढला. लगेच छाती धडधडली, तोंडाला कोरड पडली. पळून जावंसं वाटलं. "धडधडू दे," तो पुटपुटला आणि दोन्ही हातांनी सनई धरून फुंकली. पहिला सूर कापरा निघाला, दुसरा जरा बरा. धडधड वाढली, आणखी वाढली, आणि वाजवता वाजवता आपोआप ओसरली. मग असा खणखणीत सूर लागला, की ढोल घुमले, पालखी खांद्यावर चढली आणि थयथय नाचू लागली! सारा गाव ओरडला, "शाब्बास, सखबा!"

पुढेही अधूनमधून त्याची छाती धडधडायची. तो घाबरायचाही. पण वाजवायचा थांबला नाही.

तात्पर्य: काळीज चाचपत बसलं की भीती वाढते, धडधडत्या छातीनेही आपलं काम दोन्ही हातांनी करत राहिलं, की तीच मागे सरते.