मेइलानच्या भिंतीवरची मुलं

फार पूर्वी चीनमधल्या एका नदीकाठच्या गावात मेइलान नावाची विणकरीण एकटीच राहत होती. तिला मूलबाळ नव्हतं. घरात मुलं यावीत म्हणून तिने खेळणाऱ्या मुलांचं शुभ चित्र भिंतीवर लावलं होतं.

एके दिवशी पुरात आईबाप गमावलेली तीन भावंडं तिच्या अंगणात शिवाशिवी खेळू लागली. खेळता खेळता ती घरात शिरली.

"चिखलाचे हात चित्राला लागतील! निघा इथून!" म्हणत मेइलानने त्यांना हाकललं.

तशी चित्रातली मुलं चुळबुळ करू लागली. त्यांतला पतंग धरलेला मुलगा म्हणाला, "मुलं यावीत म्हणूनच आम्हाला लावलंस ना? मग आली तर हाकललंस का?"

मेइलानचा जीव थाऱ्यावर राहीना. ती मागावर बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी अनवाणीच धावत सुटली. भावंडं धक्क्यावर नावेत चढत होती.

"पोरांनो, घरी चला!" ती धापा टाकत म्हणाली.

थोरलीने धाकट्यांना जवळ ओढलं. "आम्ही खेळताना फार आरडाओरडा करतो."

"करा गं," मेइलान म्हणाली, "माझं घर किती वर्षं गप्प बसलंय."