जळक्या वाडीचा गुलकंद

एक होता राजा. त्याला राग फार, बरं का. पाकळवाडीच्या लोकांनी हत्तीखान्यासाठी आपले गुलाबाचे मळे द्यायचं नाकारलं, तर यानं भर दुपारी अख्खी वाडी पेटवून दिली. माणसांसकट.

वाचली एकटी भिवराई. गुलकंद करायची ती. त्या दिवशी बरण्या घेऊन बाजाराला गेली होती. परत येते तो घर नाही, नवरा नाही, शेजारपाजार नाही. नुसती राख.

मग काय झालं, राजाच्या अंगाची आग होऊ लागली. घागरभर पाणी ओतलं की त्याची वाफ व्हायची. चंदन लावलं की करपायचं. वैद्य म्हणाले, आता गुलकंदानंच काय निवेल ते निवेल. मग शिपायांनी भिवराईला धरून आणलं. ती काही घाबरली नाही. घाबरायला मागं उरलं होतं कोण?

तिनं राजाच्या बागेतल्या फुलांचा गुलकंद केला. राजाच्या जिभेवर त्याची राख झाली. मग राणीच्या अंगणातल्या फुलांचा केला. त्याचीही राख. मग भिवराई म्हणाली, जळक्या वाडीत एक झुडूप पुन्हा फुटलंय, तेवढंच राहिलं.

शिपाई तोडायला गेले, तर फुलांच्या परत कळ्या झाल्या. शेवटी राजा स्वतः गेला. अनवाणी. मागोमाग बरणी घेऊन भिवराई. त्याला पाहून फुलं उमलली. त्यानं एक पाकळी तोडली, आणि पाकळी बोलली, "मी सोनाई. चार वर्षांची."

राजानं हात मागं घ्यायला पाहिलं. पण थांबता येईना. काट्यांनी बोटं फाटली, तरी तो तोडत राहिला, आणि एकेक पाकळी आपलं नाव सांगत राहिली. अगदी शेवटची म्हणाली, "मी राणोजी. भिवराईचा घरधनी."

भिवराईनं हात पुढं केले. ती पाकळी तिनं कितीतरी वेळ ओंजळीत धरली. मग बरणीत ठेवली.

पाकळ्यांचा थर, खडीसाखरेचा थर. बरणी चाळीस दिवस उन्हात. राजाही तिच्याशेजारी उन्हातच बसून. एकदा त्यानं विचारलं, "भिवराई, तू ही बरणी फोडत का नाहीस?"

"दोनदा उचलली होती, महाराज," ती म्हणाली. "पण आत माझी माणसं आहेत. ती मातीत कशी सांडू?"

एकेचाळिसाव्या दिवशी राजानं गुलकंद खाल्ला. आग निवली. नावं मात्र गेली नाहीत. रोज सकाळी ती सगळी त्याच्या ओठांवर यायची, आणि त्याला घास गिळवत नसे. मग त्यानं वाडी पुन्हा उभी केली. विटा स्वतः वाहिल्या.

भिवराईनं त्याला माफ केलं का? नाही रे बाळांनो. तिनं फक्त मळे परत घेतले. गावोगावची पोरकी लेकरं आणली, त्यांना वाढवलं, गुलकंद करायला शिकवलं. वाडी पुन्हा नांदती झाली, आणि ती लेकरं सुखानं मोठी झाली.

संपली गोष्ट. घ्या पांघरूण अंगावर, आणि मिटा डोळे.